टेक्सासमध्ये नवीन आहात? मार्च ते जून वादळ आणि पुराची तयारी अशी करा

दरवर्षी मार्चच्या आसपास डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे नवीन आलेल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो, इथे टोर्नेडो येतो का हो? येतो. एप्रिल-मे हा त्याचा मुख्य सीझन. पण टोर्नेडोची जेवढी धास्ती घेता तेवढीच, खरं तर त्याहून जास्त, पाण्याची घ्या हे मला अगदी मनापासून सांगायचंय. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत पुराने सगळ्यात जास्त माणसं जातात ती टेक्सासमध्ये, आणि देशभरात पुरात बुडणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोक गाडी पाण्यात घातल्यामुळे बुडतात. म्हणजे घरात शांत बसले असते तर वाचले असते.

आपल्याला पाऊस नवीन नाही, आणि गोची तिथेच होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला तो पाहिलेली माणसं आपल्यात आहेत, कोल्हापूर-सांगलीकरांनी २०१९ आणि २०२१ चे पूर काढलेत, त्यामुळे इथल्या तासाभराच्या पावसाला काय घाबरायचं असं वाटतं. पण कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी, मग ४३ फुटांची धोका पातळी असं चढत जातं, लोक दिवसभर आकडे बघत असतात, सामान हलवायला वेळ मिळतो. इथे ऑस्टिन-सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला जो डोंगराळ भाग आहे, हिल कंट्री, तिथे खाली चुनखडीचा दगड, वर मातीचा पातळ थर आणि चढ तीव्र, त्यामुळे पाणी मुरतच नाही, सगळं वाहत थेट नदीत येतं. मे २०१५ मध्ये मेमोरियल डेच्या (मेमधल्या शेवटच्या सोमवारची सुट्टी) वीकेंडला विम्बर्लीजवळ ब्लँको नदी रात्रीच्या काही तासांत ४० फुटांच्या वर गेली. काठावरची घरं लोकांसकट वाहून गेली. या पट्ट्याला फ्लॅश फ्लड अ‍ॅली, म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली, म्हणतात ते उगाच नाही.

वादळं का होतात ते थोडक्यात. गल्फकडून, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडून, दमट गरम हवा वर येते, पश्चिमेच्या वाळवंटी भागातून कोरडी हवा येते, आणि वरच्या थरात जेट स्ट्रीमचे जोरदार वारे असतात. या दोन हवा जिथे भिडतात त्या रेषेला ड्रायलाइन म्हणतात. कधीकधी वर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं, ते दुपारपर्यंत ढग वाढूच देत नाही, आणि चार-पाच वाजता ते फुटलं की तासाभरात आकाश काळंनिळं होतं. त्यामुळे सकाळी लख्ख ऊन आहे म्हणून बिनधास्त राहू नका, उलट मे महिन्यात चिकट उकाडा आणि दक्षिणेकडून सुटलेला वारा असेल तर संध्याकाळचा अंदाज नक्की बघा.

आता कामाला लागू.

पहिलं काम, काउंटीचं नाव पाठ करा

टीव्हीवर आणि रेडिओवर इशारे काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, नावाने येतात. आपल्याला शहराचं नाव माहीत असतं, पिनकोड माहीत असतो, काउंटी विचारली की गडबडतो. आयर्विंग डॅलस काउंटीत आहे. प्लेनो बहुतांश कॉलिनमध्ये. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन दोन्हीत पसरलंय, त्यामुळे आपलं घर नेमकं कुठल्या बाजूला ते लीजवर किंवा प्रॉपर्टी टॅक्सच्या कागदावर बघून घ्या. राउंड रॉक बहुतांश विल्यमसनमध्ये, शुगर लँड फोर्ट बेंडमध्ये. आपल्या पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या काउंटीचं नावही लक्षात ठेवा कारण वसंतातली बरीचशी वादळं तिकडूनच येतात, शेजारच्या काउंटीत वॉर्निंग लागली म्हणजे पुढचा नंबर आपला असू शकतो. आई-बाबा इकडे आलेले असतील तर एका कागदावर मराठीत काउंटीचं नाव, घराचा पत्ता आणि ९११ लिहून फ्रिजवर लावा. एप्रिल-मेमध्येच तर ते येतात, आणि दिवसभर घरात एकटे तेच असतात.

दुसरं काम, इशारा तुमच्यापर्यंत पोचला पाहिजे

फोनवर जो कर्कश आवाज करत अलर्ट येतो तो बऱ्याच जणांनी पहिल्याच वेळी वैतागून बंद केलेला असतो. तो आज चालू करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे अगदी तळाशी गव्हर्नमेंट अलर्ट्स. अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या सर्चमध्ये इमर्जन्सी अलर्ट टाकलं की सापडतं. एक गोष्ट मात्र माहीत हवी, प्रत्येक फ्लॅश फ्लड वॉर्निंगला फोन वाजत नाही, नुकसान मोठं होईल असा दर्जा दिलेल्या वॉर्निंगलाच वाजतो. फोन गप्प आहे म्हणजे रस्ते कोरडे आहेत असं समजू नका.

शहराचा भोंगा, म्हणजे सायरन, हा घराबाहेर असलेल्या माणसांसाठी आहे. एसी चालू, खिडक्या बंद, रात्री दोनची झोप, तो ऐकू येईल याच्या भरवशावर राहू नका. डॅलसमध्ये महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १२ वाजता त्याची टेस्ट असते, नवीन माणसाला धडकी भरते म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

आणि एक वेदर रेडिओ घ्याच. नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचं, प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात चॅनलवर चालतं, रेडिओमध्ये आपल्या काउंटीचा कोड टाकला की तेवढ्याच काउंटीसाठी तो रात्री बोंब मारून उठवतो, नेट नसलं, टॉवर पडला तरी बॅटरीवर चालतो. एप्रिलच्या शेवटच्या वीकेंडला टेक्सासमध्ये आपत्कालीन वस्तूंवर सेल्स टॅक्स माफ असतो, रेडिओ, बॅटऱ्या, टॉर्च तेव्हा घेतलं तर तेवढेच पैसे वाचतात, पण मार्चमध्ये हातात काहीच नसेल तर टॅक्ससाठी थांबू नका.

तिसरं काम, वॉच आणि वॉर्निंगमधला फरक

याच्यावर जरा वेळ घालवा कारण सगळं इथेच आहे.

ओक्लाहोमातल्या नॉर्मनला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, ते काही दिवस आधीपासून नकाशा काढतं आणि धोक्याच्या पाच पायऱ्या दाखवतं, मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. नावांवर जाऊ नका. मॉडरेट म्हटलं की आपल्याला मध्यम वाटतं, पण ती पाचातली चौथी पायरी आहे आणि त्या दिवशी मुलांची बाहेरची प्रॅक्टिस, लांबचा ड्राइव्ह सगळं रद्द करावं असं माझं मत आहे. दोन नंबरच्या स्लाइटच्या दिवशीसुद्धा टोर्नेडो होतात.

वॉच म्हणजे परिस्थिती तयार आहे. ती बऱ्याच काउंट्यांना मिळून काही तासांसाठी लागते. वॉच लागली की फोन चार्ज करा, गाडी आत घ्या, सगळ्यांना कोण कुठे आहे विचारा, आणि रात्री झोपताना बूट पलंगाशेजारी ठेवा.

वॉर्निंग म्हणजे आता. वादळ रडारवर दिसलंय किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलंय. ती तुमच्या भागाच्या वेदर सर्व्हिस ऑफिसमधून निघते, डॅलस भागाला फोर्ट वर्थ, ऑस्टिन-सॅन अँटोनियोला न्यू ब्राउनफेल्स, ह्यूस्टनला लीग सिटी. नकाशावर एक वेडीवाकडी चौकट आखलेली असते आणि किती वाजेपर्यंत ते लिहिलेलं असतं. तुम्ही चौकटीच्या आत आहात का आणि वेळ किती, एवढ्या दोनच गोष्टी वाचा आणि उठा. बाल्कनीत जाऊन व्हिडिओ काढणं, ग्रुपवर 'तुमच्याकडे काय परिस्थिती' विचारणं हे सगळं नंतर. हातात असलेला वेळ कधी दहा मिनिटं असतो, कधी त्याहून खूपच कमी.

सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग आली तर 'अरे टोर्नेडो नाही, साधं वादळ आहे' म्हणून सोडून देऊ नका. ताशी ५८ मैल वारा किंवा १ इंचाची गार असेल तरच ती लागते. १६ मे २०२४ ला ह्यूस्टनमध्ये सरळ रेषेतल्या वाऱ्याच्या लांबलचक वादळाने, ज्याला डेरेचो म्हणतात, डाउनटाउनच्या उंच बिल्डिंगच्या काचा फोडल्या, विजेचे मोठे टॉवर आडवे केले आणि लाखो घरं अंधारात गेली, काहींची वीज कितीतरी दिवस आली नाही.

चौथं काम, घरातली जागा आजच ठरवा

टेक्सासच्या बहुतेक घरांना तळघर नसतं. नियम सोपा आहे, सगळ्यात खालचा मजला, घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेली छोटी खोली. बहुतेक घरांत ती म्हणजे जिन्याखालचं कपाट, आतलं बाथरूम किंवा मास्टर बेडरूमचं क्लोजेट. तिसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट असेल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आत्ताच ओळख करून घ्या, वेळ आली तर येऊ का असं सरळ विचारा, लोक कधीच नाही म्हणत नाहीत, माझा तरी हाच अनुभव आहे. लिफ्टने जायचं नाही.

त्या जागेत आधीपासून काय ठेवायचं तर प्रत्येकाचे बंद बूट, कारण नंतर सगळीकडे काच आणि खिळे असतात आणि आपण घरात अनवाणी. मुलांचं सायकलचं हेल्मेट, नसेल तर क्रिकेटचं हेल्मेट, डोक्याला लागून जाणारी माणसं फार असतात. एक शिट्टी, टॉर्च, पॉवर बँक, बीपी-शुगरच्या गोळ्या, पाणी. जाड रजई किंवा गादी अंगावर ओढायला. आणि एक प्लास्टिकची झिपलॉक पिशवी, त्यात सगळ्यांचे पासपोर्ट, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र), सोशल सिक्युरिटी कार्ड, मुलांचे जन्मदाखले. या सगळ्याचे स्कॅन क्लाउडवर हवेतच, पण मूळ पासपोर्ट भिजला तर व्हिसा स्टँपसकट सगळं नव्याने उभं करायला किती महिने जातील ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा सगळ्यांना घेऊन रंगीत तालीम करा. आजींना बाथरूमपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, टबमध्ये त्यांना बसता येतं का का बाजूला छोटी खुर्ची लागेल, हे वॉर्निंग लागल्यावर शोधायचं नसतं.

बाहेर असाल तर. मोठ्या दुकानात, शाळेत, एअरपोर्टवर शेल्टरची पाटी असते, तिकडे जा. गुढीपाडव्याचा किंवा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम हॉलमध्ये असेल तर आयोजकांनी सुरुवातीलाच सांगावं की वॉर्निंग लागली तर कुठल्या कॉरिडॉरमध्ये जायचं, मोठ्या छताचा हॉल ही अशा वेळी चुकीची जागा. मोबाइल होममध्ये कधीच थांबू नका. आणि हायवेच्या पुलाखाली गाडी लावून थांबायचं हे जे डोक्यात बसलंय ते काढून टाका, तिथे वारा आणखी जोरात घुसतो, ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमाच्या टोर्नेडोत तीन जण पुलांखालीच गेले.

शनिवार-रविवारी पार्कात क्रिकेट खेळणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, बंद बिल्डिंगमध्ये किंवा पत्र्याच्या टपाच्या गाडीत काचा वर करून बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. पिकनिकच्या उघड्या शेडखाली उभं राहणं म्हणजे विजेपासून संरक्षण नाही. दोन ओव्हर राहिल्या असल्या तरी नाही.

पाचवं काम, पाणी आणि गाडी

सहा इंच वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. एक फूट पाणी छोटी गाडी उचलतं. दोन फुटांत बहुतेक सगळ्या गाड्या वाहून जातात, एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा. आपल्याकडे बोनेटपर्यंत पाण्यातून गाडी काढल्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतात, तो आत्मविश्वास इथे जिवावर बेततो, कारण ते पाणी साचलेलं असतं आणि हे पळतं.

हिल कंट्रीत आणि ऑस्टिनच्या आसपास लो वॉटर क्रॉसिंग असतात, म्हणजे ओढ्यावर पूल न बांधता रस्ताच ओढ्याच्या पात्रातून नेलेला. एरवी ते कोरडे असतात आणि तुम्ही रोज तिथून जाता, लक्षातही येत नाही. एकदा उजेडात थांबून नीट बघा, रस्त्याच्या कडेला फुटांचे आकडे रंगवलेला एक खांब असतो. तो पाण्याची खोली दाखवतो. पण खालचा रस्ता शिल्लक आहे का वाहून गेलाय ते तो सांगत नाही, आणि रात्री पावसात हेडलाइटमध्ये काळं पाणी आणि काळा डांबरी रस्ता सारखाच दिसतो. त्यामुळे पाणी रस्त्यावर दिसलं की मागे फिरायचं, विषय संपला. वेदर सर्व्हिसचं घोषवाक्यच आहे, टर्न अराउंड, डोन्ट ड्राउन. बॅरिकेड लावलं असेल तर ते चुकवून जाणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे. ऑस्टिन भागात कुठली क्रॉसिंग बंद आहेत ते एटीएक्स फ्लड्सवर दिसतं, हायवेसाठी ड्राइव्ह टेक्सास, आणि ह्यूस्टनमध्ये हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टच्या नकाशावर प्रत्येक बायूची, म्हणजे शहरातल्या संथ ओढ्याची, पातळी लाइव्ह दिसते. निघायच्या आधी बघा, चालवताना नाही.

ह्यूस्टनची गोष्ट हिल कंट्रीपेक्षा वेगळी. शहर सपाट, पाण्याला उतार नाही, बायू भरले की रस्ते आणि हायवेचे अंडरपास भरतात. १८ एप्रिल २०१६ ला, टॅक्स भरायच्या शेवटच्या दिवशी, शहराच्या वायव्य भागात काही ठिकाणी १५ इंचांपेक्षा जास्त पाऊस पडला. तिथे ऑफिसमधून घरी पोचायची घाई हाच सगळ्यात मोठा धोका. मॅनेजरला सांगा, ऑफिसमध्येच थांबा, चार तास गेले तर गेले.

तरीही गाडी अडकलीच तर, पाणी जोरात वाहत असेल तर गाडीतच थांबा, आत पाणी चढायला लागलं तर बेल्ट काढून, लगेच काच खाली करून टपावर चढा आणि ९११ ला फोन करा. दार उघडायच्या झटापटीत वेळ घालवू नका, पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. मागच्या सीटवर मूल असेल तर आधी त्याचा बेल्ट.

मेमोरियल डेचं केबिन बुक करताना

नवीन ग्रुपची पहिली ट्रिप हमखास ग्वाडलूप, कोमल नाहीतर सॅन मार्कोस नदीवर ट्यूबिंगला, म्हणजे हवेच्या ट्यूबवर बसून तरंगत जायला, निघते, आणि नदीला लागून डेक असलेलं केबिन सगळ्यांना हवं असतं. तिथेच माझा जीव अडकतो. ४ जुलै २०२५ ला पहाटे कर (Kerr) काउंटीत ग्वाडलूप नदी लोक झोपेत असताना चढली, हिल कंट्रीत १३० हून अधिक माणसं गेली, त्यात कॅम्पला आलेल्या लहान मुली होत्या. तोही सुट्टीचा वीकेंड, तीही रात्र.

म्हणून बुक करताना मालकाला विचारा की घर नदीच्या पात्रापासून किती उंचीवर आहे, २०१५ ला पाणी कुठवर आलं होतं, बाहेर पडायचा रस्ता लो वॉटर क्रॉसिंगवरून जातो का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं घर बघा. पोचल्यावर उजेडातच घरामागचा चढ बघून ठेवा, पायी वर कुठून जाता येईल ते. त्या भागाला फ्लड वॉच असेल तर डिपॉझिट बुडालं तरी जाऊ नका. गेलेलेच असाल तर रेडिओ सोबत, आणि रात्री आळीपाळीने एकाने जागं राहा. तुमच्या डोक्यावर एक थेंब पडत नसला तरी वर वीस मैलांवर पडलेला पाऊस तुमच्या डेकपर्यंत येतो. पाणी चढतंय असं वाटलं की गाडी, सामान सोडा आणि पायी वर चढा.

घर आणि इन्शुरन्स

भाड्याचं घर घेताना, १ जानेवारी २०२२ पासून टेक्सासमध्ये घरमालकाला लेखी सांगावं लागतं की घर पूररेषेत आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तिथे पाणी शिरलं होतं का. तो कागद मागा. विकत घेताना फेमाच्या (केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था) नकाशावर पत्ता टाकून झोन बघा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांत एकदा असं नसतं, दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांच्या लोनच्या काळात साधारण २६ टक्के. झोन एक्स, म्हणजे नकाशावरचा कमी धोक्याचा भाग, आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, तो नकाशापेक्षा जास्त सांगतो.

घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये आणि रेंटर्स पॉलिसीमध्ये पूर येत नाही. पुन्हा वाचा, येत नाही. त्यासाठी वेगळी फ्लड पॉलिसी लागते, सरकारी योजनेत इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत कव्हर आहे, भाडेकरूही फक्त सामानासाठी घेऊ शकतो. पण बहुतेक वेळा ती लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणून मार्चमध्येच घ्या, ढग दिसल्यावर काही उपयोग नाही. गाडीला फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा इन्शुरन्स) असेल तर गारा आणि पुराचे पैसे मिळत नाहीत, कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतं. आणि पॉलिसीत वारा-गारांचं डिडक्टिबल टक्क्यांत लिहिलेलं असतं ते बघा, ४ लाखांच्या कव्हरवर २ टक्के म्हणजे ८,००० डॉलर तुमच्या खिशातून.

वादळ गेल्यावर

पडलेल्या तारांपासून लांब राहा. गारा पडत असताना गाडी आत घ्यायला धावू नका, ती पत्र्याची आहे. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघू नका, फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणसं झोपेत जातात.

गारांनंतर दुसऱ्याच दिवशी दारावर रूफवाले येतात. 'डिडक्टिबल आम्ही सोडतो, तुम्ही फक्त सही करा' म्हणाले तर दार लावा, ते टेक्सासमध्ये २०१९ पासून बेकायदेशीर आहे. रूफरला राज्याचं लायसन्स लागतच नाही, त्यामुळे कोणीही पाटी लावून फिरतो. आधी छताचे, खिडक्यांचे, एसीच्या बाहेरच्या युनिटचे तारखेसकट फोटो काढा, शेजारी एक क्वार्टरचं (२५ सेंटचं) नाणं ठेवून गारांचाही फोटो काढा, त्या वितळायच्या आत. मग स्वतः इन्शुरन्स कंपनीला फोन करा, त्यांचा नुकसान तपासणारा माणूस, अ‍ॅडजस्टर, येऊन बघून जाऊ दे, आणि त्यानंतरच, स्थानिक ऑफिस असलेल्या दोन-तीन जणांकडून कोटेशन घेऊन, कुणाच्या कागदावर सही करा.